जावयाची जीप आपोआप पळाली

जीप आपोआप पळाली असं गावानं मानलं, तर रामरावांना काय काय मिळणार होतं, याचा आढावा त्यांच्या आतेसासू प्रयागबाईंनी सालगडी ग्यानबाला खाटेवर घालून मालेगावच्या वाटेला लावेपर्यंत मनातल्या मनात घेऊन टाकला होता. पहिलं, अब्रू. ‘मले गाडी येते’ हे वाक्य धनजच्या या जावयानं गेल्या सहा महिन्यांत जितक्या वेळा उच्चारलं होतं, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं, तर एव्हाना न्यायला विमान आलं असतं. दुसरं, ग्यानबाचा मोडलेला पाय. गाडी आपली आपण पळाली, तर पाय मोडल्याचं बोट रामरावांकडे वळणार नव्हतं. आणि तिसरं, पंचायत समिती. ज्याला चार चाकं आवरत नाहीत, त्याच्या हाती तालुका कोण देणार?

तोटा एकट्या गावाचा होता. रामरावांवर विश्वास ठेवला असता, तर महिनाभराची करमणूक बुडाली असती. तेव्हा गाव विश्वास ठेवणार नव्हतं, हे उघडच होतं.

घडलं ते एवढंच. सत्त्याहत्तर सालचा अधिक श्रावण, धाकट्या जावयाला धोंडे खाऊ घालण्याचा रविवार. शालिग्रामांच्या घराची रीत अशी, की धोंड्याच्या जेवणाला बसलेला जावई दिवेलागणीपर्यंत नारायण. त्याच्या पायाला माती लागू द्यायची नाही आणि त्याच्या शब्दाला ‘नाही’ म्हणायचं नाही. जेवण झालं, तेहतीस अनारसे ताटातून डब्यात गेले, आणि नारायण नवं धोतर सावरत, चिखलावर अंथरलेल्या पायघडीवरून चालत जीपपाशी आला. शालिग्रामांनी आपल्याच गावातून जावयाला दिलेला ड्रायव्हर देवमन चालवायच्या जागी बसला होता. त्याला खाली उतरवलं, फाटक उघडायला पाठवलं आणि नारायण स्वतः बसला. अंगणात तीसेक माणसं जीप निघायची वाट बघत होती.

जीप निघाली ती गर्जना करूनच. मांडवाचा खांब पाडला, फाटक हातभर चुकवलं आणि कडब्याच्या गंजीत घुसली. गंजीवर सालगडी ग्यानबा बैलांसाठी पेंढ्या उपसत होता. तो खाली आला, तो जीप आणि दगडी कुसाच्या मधे. गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं.

रामराव डोक्यावर कडबा घेऊन उतरले आणि म्हणाले, “मीनं काईच केलं नाई. गाडी आपसूक पळाली.”

दिवेलागण व्हायची होती. नाही म्हणता येत नव्हतं. पण विचारायला रीत आडवी येत नव्हती, आणि शालिग्रामांच्या या थोरल्या विधवा बहिणीला रीतीतली फट शोधायला शिकवावं लागत नसे. प्रयागबाईंनी जावयापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं,

“बैल उधळते, त्याले भेव असते. घोडं उधळते, त्याले माशी चावते. जीपले काय चावलं वो जावाईबापू?”

रामरावांनी तांब्या उचलला नाही.

सोमवारी उजाडेपर्यंत ही गोष्ट मालेगावच्या मोटारस्टँडवर पोचली होती. तिथं कंडक्टरनं जाहीर केलं, की धनजवाल्याची गाडी आपोआप जाते, आता त्याचा पेट्रोलचा खर्च वाचला. न्हाव्यानं गिऱ्हाइकाला बजावलं, की हलू नको, माझा वस्तराही कधीकधी आपसूक चालतो. विहिरीवरची एक बाई म्हणाली, की आमच्या घरी नवऱ्याचा हात आपोआप उठतो, जावाईबापूंना विचारा, यावर औषध काय. त्यावर बाकीच्या हसल्या, आणि मग दोघी-तिघी हसायच्या थांबल्या.

घरात तर शालिग्रामांची लेक रंगू, म्हणजे खुद्द नारायणाची लक्ष्मी, चुलीपुढं बसून नवऱ्याच्या चुकांची उतरंड लावत होती. मागं कारंज्याला ब्रेक समजून काय दाबलं, पोहरादेवीच्या जत्रेत कुणाच्या उसाच्या गाडीवर जीप घातली, सगळं. प्रयागबाई भाकरी थापता थापता हुंकार भरत होत्या. त्यांची भावजय रुखमाबाई मात्र जावयाच्या बाजूनं होती. ते सांगतात तेच खरं, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली. रुखमाबाईचं हे रोजचंच होतं. नणंद जे मानेल, त्याच्या उलट मानायचं. बावीस वर्षं एका कोठीच्या किल्लीसाठी दोघींचं हे चाललं होतं. कोठीतलं दाण्याचं माप प्रयागबाईंच्या हातून होई, आणि ते का, याला त्यांचं तोंड यापलीकडं कारण नव्हतं. या घरात खोटं बोललेलं त्यांच्यापुढं टिकत नसे. शालिग्रामांना वाटे, अशी बहीण कोठीवर असलेली बरी.

नऊच्या सुमारास ओसरीवर बैठक बसली. सरकारी दवाखान्यानं पाय मोडल्याची वर्दी दिली होती आणि दुपारी हवालदार येणार होता. त्याच्या कागदावर काय चढवायचं, ते ठरवायचं होतं.

शालिग्राम पान लावता लावता बोलले. “गाडी आपोआप पळाली म्हनून लिवलं, तं हवालदार हासते. रामराव चालवत होते म्हनून लिवलं, तं आपुन रडू. मंग राह्यलं कोन?”

राह्यला देवमन. अंगणातल्या तीस माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की देवमन फाटकापाशी उभा होता. पण त्या तिसांपैकी बहुतेकांची कसायची जमीन किंवा उधारी शालिग्रामांकडं होती, आणि अशा माणसांची नजर फिरवावी तिकडं फिरते.

रंगू दाराआडून म्हणाली, “ह्यायले गाडी चांगली येते, बाबा. चूक देवमनचीच असन. त्यानंच काही ढिल्लं ठेवलं असन.”

प्रयागबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तासाभरापूर्वी चुलीपुढं बसलेली बाई ही नव्हेच. नवऱ्याला वेडा म्हणायचा हक्क बायको घरात वापरते. बैठकीत तो ती कुणाला देत नाही आणि स्वतःही घेत नाही. आणि रुखमाबाई, जी सकाळपासून गाडी आपोआप पळाली म्हणत होती, तीही आता मान हलवत होती. जावई सुटतो ना, मग गाडीचं काय घेऊन बसायचं.

देवमनला बोलावलं. तो ओसरीच्या पायरीखाली उभा राहिला. वय अठ्ठावीस, धुतलेला खाकी सदरा, खिशात घडी घालून ठेवलेला कागद. तो कागद अख्ख्या गावाला माहीत होता. पुढच्या सोमवारी अकोल्याला एसटीच्या ड्रायव्हरची परीक्षा. बुद्धविहारात त्या कागदापुढं वंदना झाली होती. वस्तीतून कायम पगाराच्या नोकरीवर चढणारा तो दुसरा माणूस होता. ग्यानबाचं घरही त्याच वस्तीत होतं.

“देवमन,” शालिग्राम म्हणाले, “कागदावर तुहं नाव राहीन. पुढचं आमी पाहून घेऊ. ग्यानबाच्या दवाखान्याचं बी मी पाह्यतो. त्याच्या सालाचं राह्यलेलं काम बी माफ. तुमच्या वस्तीतल्या कोनाचं नुकसान होऊ देनार नाई.”

“माह्या लायसनवर केस चढली, मालक, तं एसटीवाले परीक्षेले उभं बी करत नाई.”

“मंग पुढच्या साली देजो.”

“हा कागद सात वर्सानं आला.”

रामराव पायाच्या अंगठ्याकडं पाहत होते. शेवटी तेच पुटपुटले, की मी कालपासून खरं तेच सांगतो, पण कुणी ऐकतच नाही, तर मी काय करणार. म्हणजे स्वतःचं खरं विकलं जात नाही म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात खोटं बांधायला त्यांची हरकत नव्हती.

देवमन म्हणाला, “जावाईबापू खोटं नाई बोलून राह्यले.”

शालिग्रामांचा पानाचा हात थांबला.

“मी फाटकापाशी होतो. जीप उघडी हाये, आतलं सारं दिसते. त्यायनं दोन्ही पाय वरतं घेतले होते, साप पाह्यल्यावानी. तरी इंजनाचा आवाज उतरला नाई. काहून, ते मले नाई समजलं. पन पाय वर होते, हे मीनं पाह्यलं.”

ओसरी हसली. जावई सीटवर मांडी घालून कडब्यात शिरतो आहे, हे चित्र शालिग्रामांनाही आवरलं नाही. ते म्हणाले, की वा रे वा, ड्रायव्हरही आता आपोआपवाला झाला.

प्रयागबाई हसल्या नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी नाना तऱ्हेची खोटी माणसं पाहिली होती, आणि प्रत्येकाच्या खोट्याला एक बूड असतं, ते म्हणजे त्याचा फायदा. ते बूड शोधलं की माणूस उघडा पडतो. हा मनुष्य मात्र जे सांगत होता, त्यात त्याचा काडीचा फायदा नव्हता. ज्याच्यापायी आपला बळी जातो आहे, त्याचीच साक्ष तो देत होता. असा माणूस त्यांच्या हिशेबात बसेना, आणि हिशेबात न बसणारी गोष्ट त्यांना खरकट्या भांड्यासारखी सलत राही.

बैठक उठली. ठरायचं ते ठरलं होतं.

प्रयागबाई गंजीकडं गेल्या. देवमनसाठी त्या गेल्या असं नव्हे. जीपमधे त्यांची नवी पासोडी राहिली होती आणि नवी दुहेरी पासोडी चिखलात टाकून देण्याइतकं ते घर अजून माजलं नव्हतं. जुन्या काळी जावई दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून येत. तेव्हा पायघडी अंगणातून थेट दमणीत चढायची, बसल्यावरही नारायणाचा पाय उघड्या फळीला लागायचा नाही. काल प्रयागबाईंनी तीच रीत जीपला लावली होती, पुढच्या दोन्ही जागांखाली पासोडी अंथरून. रुखमाबाई तेव्हा म्हणाली होती, की बाई, ही का दमणी आहे? आणि प्रयागबाईंनी पंधरा बायकांदेखत तिला सुनावलं होतं, की तुझ्या माहेरी पाय उघडे ठेवायची रीत असेल, आमच्याकडं नाही.

त्यांनी जीपमधे हात घालून पासोडी ओढली. येईना. वाकून पाहिलं. पासोडीची घडी पुढं सरकून पायानं दाबायच्या एका लोखंडी पायपट्टीखाली आणि वरून अशी दोन्हीकडून गुंडाळली होती. ओढली, तशी पायपट्टी कापडासोबत खाली गेली आणि तिथंच बसली. सोडलं, तरी बसूनच राहिली. त्यांनी बोटांनी पट्टी मोकळी केली आणि पुन्हा ओढली. पुन्हा बसली.

प्रयागबाईंना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण अडकलेलं कळत होतं.

चौथ्यांदा त्यांनी ओढली नाही. कडब्यात उभ्या राहिल्या. पासोडी धुवायला टाकली की मिटलं. देवमन कागदावर चढला की तेही मिटलं. कुणी पाहिलं नव्हतं, आणि जीप आपोआप पळाली हे मानायला मालेगावपासून धनजपर्यंत कुत्रं तयार नव्हतं. म्हणजे शोधायला कुणी येणारही नव्हतं. उलट बाजूला काय? रुखमाबाई. पंधरा बायका. आणि बावीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडून मिळवलेली कोठी. एवढं सगळं एका ड्रायव्हरच्या परीक्षेपुढं.

परवडत नव्हतं. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण भावानं ओसरीवर बसून रचलेलं ते खोटं इतकं ओबडधोबड होतं, की आपल्यासारखीनं त्याला गप्प राहून टेका द्यावा, याचीच त्यांना शिसारी आली. बाकी माया-दया म्हणाल, तर तिचं माप त्यांनी कधी ठेवलं नव्हतं.

हवालदार तीनला आला. चहाचा कप हातात येईपर्यंत त्याला आपोआप पळणारी गाडी कळली होती आणि तो कपात हसत होता. शालिग्रामांनी देवमनचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रयागबाई बैलजोडी लावून गंजीतून ओढून काढलेल्या जीपपाशी उभ्या राहून म्हणाल्या,

“हवालदारसाहेब, कप घेऊनच या इकडं.”

सगळे आले. प्रयागबाईंनी पासोडीची घडी काल घातली होती तशीच स्वतःच्या हातांनी आत घातली, पायपट्ट्यांच्या मुळापर्यंत नीट सारून. देवमनला वर बसवलं. गिअर टाकू नको म्हणाल्या, नुसतं चालू कर आणि जावाईबापूंसारखा पाय दे. देवमननं पाय दिला. इंजिन गरजलं. “आता घे पाय वरतं.” देवमननं दोन्ही पाय सीटवर घेतले.

इंजिन गरजतच राहिलं. लिंबावरचे कावळे उडाले. गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. कपातला चहा बशीत सांडला, तरी हवालदाराचं तिकडं लक्ष नव्हतं. देवमननं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तेवढ्यात रुखमाबाई हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, पासोडी अंथरली कोनं होती?”

तिला माहीत होतं. अंगणाला माहीत होतं. हवालदाराला तेवढं माहीत नव्हतं, आणि हा प्रश्न त्याच्यासाठी होता.

“मी,” प्रयागबाई म्हणाल्या.

हवालदारानं डोकं खाजवलं. पासोडीवर केस कशी करायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाईनं तर जावयाचा मान केला होता. त्यानं लिहिलं : अपघात, दोष कोणाचाही नाही. आणि दुसरा कप मागितला.

यानंतर रामराव धनजला परतेपर्यंत त्यांच्यासोबत एका घरात राहणं अवघड झालं. मी म्हणतच होतो, हे ते माणसाला गाठून गाठून सांगत. शालिग्रामांनी ‘आपला जावई खरा माणूस’ असं पंचायत समितीच्या दोघांना ऐकवलं. गावानं मात्र काही मानलं नाही. गाव म्हणालं, की आत्याबाई हुशार, पासोडी पुढं करून जावई सोडवला. कापड कुठं गाडी चालवतं का? विहिरीवरच्या बोलण्यात नवरे अजून आपोआपच हात उचलत होते.

त्याच संध्याकाळी रुखमाबाईनं कोठीची किल्ली मागितली. शालिग्राम समोरच पान लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. प्रयागबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली. जिवाला लागलं, पण आपल्या हातानं झालेलं आपण भरून दिलं, आता कुणाचं काही बाकी नाही, असं एक कोरडं समाधानही त्यांना वाटलं. शनिवारी देवमन पाया पडायला आला. नको म्हणाल्या, परीक्षेत पाय नीट ठेव म्हणजे झालं.

रविवारी ग्यानबाची बायको भागिरथा वाशिमच्या दवाखान्यातून आली. मालेगावहून त्याला तिकडं हलवला होता. ती ओसरीवर न येता मागल्या दारी आली.

“मोठेबाई, डाक्टर म्हने हाड जुळन, पन पाय आखूड राहीन. कामाचा नाई राहत म्हने.”

प्रयागबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“हवालदारानं म्हने कोनाचाच दोष नाई लिवला.”

“व्हय.”

“मंग माह्या मानसाचा पाय कोनं मोडला?”

“मी सांगितलं ना सगळ्यांदेखत. पासोडी माही होती, भागिरथा.”

“तुमी त मान केला. मानाचा काय दोष, बाई.”

प्रयागबाईंनी त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही. सापडला असता तर त्यांना बोलायला काही मिळालं असतं.

“देवमन वाचला, त्याचं बरं वाटते मले,” भागिरथा म्हणाली. “आमच्या वस्तीत साऱ्यायलेच वाटते. पन जोवर त्याचं नाव होतं, तोवर मालक म्हनत होते, दवाखान्याचं पाह्यतो, साल माफ करतो. आता कोनी काईच म्हनत नाई.”

प्रयागबाई तशाच भावाकडं गेल्या. शालिग्राम म्हणाले, की तेव्हा वस्तीचं तोंड बंद करायचं होतं, आता बंद करायला काय आहे? “सरकारनंच लिवलं, दोष कोनाचाच नाई. मंग मी कायले भरू? अन् सिद्ध तं तूच करून देल्लं, बाई.” कोठीतून निदान चार पायल्या ज्वारी द्यावी म्हणून त्या वळल्या, आणि कमरेला हात गेल्यावर थांबल्या. रुखमाबाईनं दार लावून घेतलं होतं. विचारून सांगते, म्हणाली.

तेव्हा एकूण झालं ते असं. रामरावांना अब्रू परत मिळाली, व्याजासकट. शालिग्रामांचा जावई खरा ठरला आणि दवाखान्याचा शब्द सुटला. रुखमाबाईला कोठी मिळाली. देवमन सोमवारच्या पहिल्या एसटीनं अकोल्याला गेला. प्रयागबाईंचं जे गेलं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं, आणि गावात पाचपन्नास वर्षं त्याची गोष्ट सांगितली जाणार होती. ग्यानबाचा पाय गेला, त्याची गोष्ट होणार नव्हती.

आणि सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, मधे पाय मोडला म्हणून ते तुटत नाही. आगाऊ घेतलेल्या ज्वारीचं काम घरच्या कुणीतरी पुरं करायचं, ही रीत भागिरथेला कुणी सांगायची गरज नव्हती. ती सोमवारी उजाडताच गोठ्यात उभी होती. पदर खोचून तिनं शेणाची पाटी डोक्यावर घेतली. पुढचा पाडवा अजून आठ महिने दूर होता. यंदा मधे अधिक महिना पडला होता, त्यामुळं साल तेरा महिन्यांचं झालं होतं, आणि त्या तेराव्या महिन्याचं वेगळं काही सालगड्याला या घरात कधी मिळालं नव्हतं.